पेशींच्या फोटोतले रंग

प्रिय सुहास,

मागच्या पत्राच्या शेवटी तू सहज विचारलंस, ‘पेशींच्या फोटोंतले ते हिरवे-जांभळे रंग खरे असतात का रे?’ तू एक ओळ लिहून मोकळा झालास. मला मात्र त्याच रंगांनी तीन आठवडे नाचवलंय.

खरं सांगायचं तर आमचं यंत्र, म्हणजे लेसरवर चालणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक, रंग बघतच नाही, उजेड किती एवढंच मोजतं. पेशीत चमकणाऱ्या एका रंगद्रव्याचा उजेड एका फिल्टरमधून, दुसऱ्याचा दुसऱ्यातून. रंग भरायचे ते नंतर, संगणकावर. लालच्या पार टोकाला चमकणारं द्रव्य तर डोळ्याला जेमतेम दिसतं. फोटोत आम्ही त्याला खुशाल जांभळं करतो.

चमकणं मात्र अस्सल. रेणू निळा प्रकाश गिळतो, काही नॅनोसेकंद धरून ठेवतो, थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो आणि उरलेली हिरव्या प्रकाशात परत करतो. जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसन्ट प्रोटीन) या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या सुधारित रूपाला 488 नॅनोमीटरचा निळा दिला की साधारण 509 चा हिरवा मिळतो. निळा फिल्टरने अडवला की काळोखात हवं तेवढंच उजळतं. स्टोक्स या शास्त्रज्ञानं 1852 मध्येच क्विनीनच्या द्रावणात असा प्रकार पाहून त्याला फ्लुओरेसन्स म्हटलं होतं.

आता माझी फजिती ऐक. दोन प्रथिनं पेशीत एकत्र असतात का, हे बघायचं होतं. एकाला हिरवं द्रव्य, दुसऱ्याला लाल. कॉन्फोकलची वेळ तासावर मिळते, म्हणून घाईनं दोन्ही लेसर एकदमच चालू केले. पडद्यावर हिरव्यावर लाल बसून सगळीकडे पिवळं, म्हणजे दोन्ही प्रथिनं एकाच जागी! मी तर मनात पेपरचं शीर्षकही ठरवून टाकलं. मग वरिष्ठ सहकारी बाईंनी शांतपणे विचारलं, ‘नुसत्या हिरव्याची स्लाइड लालमध्ये बघितलीस?’ बघितली. लाल द्रव्याचा थेंबही नव्हता, तरी लख्ख! हिरव्याच्या प्रकाशाची शेपटी लालच्या खिडकीत शिरत होती. ब्लीड-थ्रू म्हणतात ते हेच. लेसर एकामागून एक चालवले आणि पिवळं जवळजवळ गायब.

दुसरा त्रास ब्लीचिंगचा, म्हणजे प्रकाशानं द्रव्य विझण्याचा. एका छान पेशीवर झूम करून मी फोकस जुळवत बसलो. झूम काढला तर मधोमध काळा चौकोन! जिथे टक लावून बघत होतो, तिथलीच द्रव्यं प्रकाश खाऊन खाऊन संपली होती. पण याच खोडीचा लोकांनी उपयोग करून घेतलाय: जिवंत पेशीत मुद्दाम असा ठिपका काळा करायचा आणि शेजारचे चमकते रेणू किती वेळात तिथे येतात ते मोजायचं. प्रथिन मोकळं फिरतंय की कुठे अडकलंय, ते कळतं. मला ही युक्ती फार आवडते.

जीएफपीचं मूळ तर जेलीफिशमध्ये. शिमोमुरा या शास्त्रज्ञांना ते 1962 च्या सुमारास दुसऱ्याच प्रथिनाच्या शोधात हाती लागलं. त्याचा जीन 1992 मध्ये डग्लस प्रॅशरनं वेगळा केला आणि तो चॅल्फी व चेन या दोन संशोधकांना देऊन टाकला. 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरांसह या दोघांना मिळालं, प्रॅशरला नाही. हे वाचलं की मला अजून चुटपुट लागते.

सोबत दोन फोटो पाठवतोय. पिवळा, देखणा आहे तो खोटा. दुसरा, हिरवं एकीकडे आणि लाल भलतीकडे असलेला, खरा. घरी दाखवशील तेव्हा सगळे पहिल्यालाच ‘वा’ म्हणतील, बघ.

तुझा,
अविनाश