नुंदकोलच्या काठावर आपली पाकिटं

मा. संपादक, स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या इंदूरहून काश्मीरच्या उंचावरच्या तलावांकडे तंबूत राहायला जाणारे गट निघतात. गेल्या श्रावणात मीही अशाच एका गटाबरोबर नुंदकोल आणि गंगबलला जाऊन आले. हरमुख पर्वताच्या पायथ्याशी, साडेतीन हजार मीटरच्याही वर हे दोन तलाव आहेत. पाणी बर्फाचं, नितळ, आणि त्यात ब्राउन ट्राउट. इंग्रजांनी विलायतेहून अंडी आणवून काश्मिरात वाढवलेला हा मासा थंड आणि स्वच्छ पाण्यातच जगतो. मत्स्य विभागाचा परवाना काढून गळ टाकायला लांबून लोक येतात.

आणि त्याच पाण्यात आमच्या आयोजकांची माणसं पातेली घासत होती! वर तेलाचा तवंग, काठाला हळदीचा पिवळा पट्टा, तळाशी शितं. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नेला नाही तर डाळ कच्ची राहते, कुणी खात नाही, आणि उरलेली तलावात जाते. मी बोलले, तर "मासे खातात की" असं उत्तर मिळालं. साबण आणि तेलही मासेच खाणार का? हेच पाणी पुढे वांगथ नाल्यानं काश्मिरातल्या सिंध नदीला (सिंधू नव्हे) मिळतं, खालची गावं त्यावर जगतात.

दगडांच्या फटीत नमकीनची पाकिटं खोचलेली होती. त्यांत आपल्या इंदुरी लसूण शेवेचीही होती. ते पाहून जीव तुटला. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणारं आपलं गाव. घरोघरी ओला-सुका वेगळा करून आपण गाडीची वाट पाहतो. तिथे गाडी येत नाही, आणि त्या थंडीत फळांची सालंसुद्धा लवकर कुजत नाहीत.

म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येकानं आयोजकांना विचारावं: भांडी कुठे घासणार? शौचाचा खड्डा पाण्यापासून निदान ६० मीटर लांब असेल ना? कचरा खाली कोण आणणार? नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा आयोजक शोधावा. आपल्या पत्रानंही सहलींच्या जाहिरातींशेजारी हे प्रश्न छापावेत, ही कळकळीची विनंती.

एक निवृत्त शिक्षिका,
सुदामानगर, इंदूर