मिस्त्रीकाका, खांब वाचायला शिकवलंत

प्रिय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरीही पाठवता आलं असतं. पण आमच्या सातवीच्या मुलांसाठी तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू नका म्हणालात, ते पाळलं आहे.

भायखळ्याचं ख्राइस्ट चर्च आमच्या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे. क्लेअर रोड, म्हणजे आताचा मिर्झा गालिब मार्ग, तिथून ती शाळेत येतात. परिसरातली एक जुनी वास्तू निवडून तिच्यावर मुलांकडून प्रकल्प करून घ्यायचा होता, तेव्हा हेच चर्च घ्यायचं ठरवलं. इतिहास मी जमवून ठेवला होता. शाळेजवळच्या जुन्या इमारतीचा गिलावा तुम्ही दुरुस्त करत होतात, तेव्हा मधल्या सुट्टीत परांचीखाली उभी राहून तो तुम्हाला वाचून दाखवला. किल्ल्याच्या आत सेंट थॉमस हे इंग्रजांचं पहिलं मोठं चर्च. 1676 मध्ये त्याचा पाया घातला, काम चाळीसेक वर्षं रखडलं आणि 1718 च्या नाताळात ते उघडलं. पुढे 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पूर्ण झाला, महालक्ष्मीच्या खिंडीतून आत शिरणारं समुद्राचं पाणी अडलं आणि भायखळ्याकडची पाणथळ जमीन राहण्याजोगी झाली. 1803 मध्ये फोर्टात मोठी आग लागली, दाटीवाटीची वस्ती नकोशी झाली आणि पैसेवाले गोरे इकडे बागांमधल्या बंगल्यांत येऊ लागले. वस्ती आली की तिचं चर्चही आलं. बारसं, लग्न, दफन हे सगळं जिथे नोंदवलं जातं असं, रोजच्या जगण्याला जोडलेलं चर्च. भायखळ्याचं हे चर्च 1830 च्या दशकातलं.

तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, हे सगळं खरं. पण तिथे गेल्यावर पोरांनी बघायचं काय?"

त्या एका प्रश्नाने माझा अख्खा प्रकल्प बदलला. त्यासाठी तुमचे आभार सगळ्यात आधी.

मग तुम्हीच सुचवलंत की आधी एशियाटिकच्या, म्हणजे फोर्टातल्या जुन्या टाउन हॉलच्या, पायऱ्यांवर जाऊ, चर्च नंतर. कामाचा खाडा करून, पिशवीत ओळंबा (उभी रेष तपासायचा, दोरीला बांधलेला गोळा), गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि तो पत्र्याचा डबा घेऊन तुम्ही सकाळीच हजर होतात. तीस पायऱ्या चढून वर गेल्यावर मुलं त्या आठ खांबांखाली उभी राहिली आणि आपोआप गप्प झाली. हे डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक पद्धतीचे साधे खांब. 1762 पासून लंडनमध्ये अथेन्सच्या देवळांची नेमकी मोजमापं छापून येऊ लागली आणि जुन्या ग्रीक धाटणीच्या इमारतींची लाट आली. तीच लाट कर्नल टॉमस काउपर यांच्या हातून मुंबईच्या टाउन हॉलमध्ये पोचली. 1821 ला काम सुरू झालं, पैसे कमी पडले, लॉटऱ्या काढाव्या लागल्या आणि इमारत पुरी व्हायला 1833 उजाडलं. एवढं मी सांगितलं. पुढचं सगळं तुमचं.

तुम्ही ओळंब्याचा गोळा एका खांबाच्या बुडाशी टेकवलात आणि दोरी सरळ वर धरलीत. खाली दोरी दगडाला चिकटलेली, आणि तुमच्या हाताच्या उंचीवर दोरी आणि खांब यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. मुलांनी एकेक करून त्या फटीत बोट घालून पाहिलं. खांब वर निमुळता होत जातो हे पुस्तकात एका ओळीत असतं. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला ते आता बोटाने ठाऊक आहे. "सरळसोट खांब केला असता तर खालून बघणाऱ्याला तो वरून जड वाटला असता," असं तुम्ही म्हणालात. एका मुलाने विचारलं, ग्रीसमधल्या माणसांना हे कसं सुचलं? तुम्ही म्हणालात, करून बघून. मला हे उत्तर फार आवडलं.

मग दुपारी भायखळा. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवलेली गोष्ट अशी की टाउन हॉलला खांबांच्या जोड्या लावायचा बेत होता. विलायतेहून खांब आले तेव्हा ते इतके अवाढव्य निघाले की प्रत्येक जोडीतला एकच लावायचं ठरलं, आणि उरलेल्यांतले खांब भायखळ्याच्या चर्चला दिले. ही गोष्ट मी तोंडी सांगितली असती तर मुलांनी वहीत लिहून घेतली असती आणि विसरली असती. सकाळी हात लावलेल्या खांबांचे भाऊबंद दुपारी समोर दिसल्यावर त्यांनी जो गलका केला तो पाळकसाहेबांनी हसत सहन केला, त्यांचेही आभार.

तिथे तुम्ही विचारलेला प्रश्न अजून वर्गात चर्चेत आहे: हे आलं कसं? सुएझ कालवा 1869 चा, म्हणजे दगड आफ्रिकेला वळसा घालून जहाजातून आला. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे 1853 ची, म्हणजे फोर्टातून भायखळ्यापर्यंत रूळ नव्हते. मग हे धूड बैलांच्या आणि माणसांच्या जोरावरच इथवर आलं असणार. उभं कसं केलं असेल, तेही तुम्ही पायरीवर बसून दाखवलंत: बांबूची परांची, कप्पी, जाड दोर, आणि एक माणूस नुसता ओळंब्याकडे बघत ओरडणारा. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गवंडीकाम करतात. ती एरवी मागच्या बाकावर असते. त्या दिवशी परांचीच्या गाठी कशा मारतात ते तिने उभं राहून सगळ्यांना सांगितलं, आणि तुम्ही "बरोबर आहे हिचं" म्हणालात. शिक्षिका म्हणून मला त्या तीन शब्दांचं मोल किती आहे ते तुम्हाला कदाचित कळणार नाही. त्यानंतर ती वर्गात हात वर करायला लागली आहे.

आणि तो डबा! चुन्याचा. जुन्या चाळीच्या भिंतीचा पडलेला पोपडा तुम्ही त्यात जपून ठेवला होता. नखाने ओरखडा काढून दाखवलात, मग लिंबू पिळलंत तसा तो फसफसला. भिजवून मुरवलेला चुना हाताला दह्यासारखा मऊ लागतो, हेही त्यांना कळलं. (हात लगेच धुवायला लावलेत, तेही बरं केलंत.) चुन्याच्या घाण्यात चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) कशी मळायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ का घालायचे, हे तुम्ही सांगत होतात तेव्हा मीही वही काढून लिहून घेत होते.

पण खरा धडा पुढचा होता. चुन्याचा गिलावा पावसात ओल पितो आणि ऊन पडलं की ती सोडून देतो. त्यावर सिमेंटचा कडक थर मारला की पाणी आत कोंडतं, क्षार बाहेर येतात, फुगवटे धरतात आणि त्याबरोबर आतला जुना दगड-विटांचा भागही सुटून येतो. शहरातल्या कित्येक जुन्या इमारती अशाच, दुरुस्तीच्या नावाखाली खराब झाल्या आहेत, आणि हे बघून मला खरंच त्रास होतो. वारसा वाचवा असं आपण फलकांवर लिहितो. पण चुना मळता येणारी माणसं किती उरली आहेत, हे कुणी विचारत नाही. तुमच्यासारख्या माणसाला शाळेत बोलावून ऐकलं पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

मुंबईत या ग्रीक धाटणीच्या चर्चना फार काळ मिळाला नाही. 1858 मध्ये कुलाब्याचं अफगाण चर्च झालं आणि टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीने जोर धरला. पुढे विद्यापीठ, व्हीटी सगळं त्याच वळणाने गेलं. आपण पर्यटकांना तेच दाखवतो. मला मात्र या आधीच्या, साध्या, सावली देणाऱ्या इमारती जास्त जवळच्या वाटतात. खोल व्हरांडा, उंच छत, रस्त्याच्या धगीतून आत पाऊल टाकलं की कपाळावरचा घाम सुकतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शैलीचं नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. खांबाला हात लावून तो कसा उभा आहे हे विचारायची सवय त्यांना तुम्ही लावलीत, त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

मुलांनी काढलेली चित्रं वेगळ्या पाकिटात पाठवते आहे. एकाने खांबांपेक्षा तुमचा ओळंबाच मोठा काढला आहे. दिवाळीनंतर पुढच्या तुकडीला लायन गेटसमोरच्या सेंट अँड्र्यूज चर्चला न्यायचं ठरतं आहे. ते 1819 चं, स्कॉटिश मंडळींचं. शेजारी एके काळी अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवायचं गोदाम होतं, म्हणजे मुलं आधी त्याबद्दलच विचारणार. तुम्हाला जमेल तो वार कळवा, त्याप्रमाणे मी मुख्याध्यापकांकडून परवानगी घेते. येताना डबा आणा. लिंबं आम्ही आणतो.

आपली कृतज्ञ,
भायखळ्याच्या शाळेतल्या बाई