बाबा, तुम्ही सही केली नव्हती

आई, बाबा,

रविवारी फोनवर टायटन पाणबुडीतल्या लोकांबद्दल बाबा म्हणाले "पैसेवाल्यांचे चोचले, स्वतःहून मरायला गेले", मी काही बोलायच्या आत आईने दोडक्याच्या भावाचा विषय काढला आणि ते राहून गेलं. म्हणून लिहितोय. मोठं झालंय, बाबा चष्मा लावून वाचा.

बुडालेलं टायटॅनिक बघायला माणसं नेणारी ही टायटन २०२३ च्या जूनमध्ये आमच्या इथल्या, कॅनडातल्या सेंट जॉन्सच्या बंदरातूनच गेली होती. १८ जूनला खाली गेली, पावणेदोन तासांत संपर्क तुटला, नंतर चार दिवस अख्खं जग ऑक्सिजनचे तास मोजत बसलं आणि ते पाच जण तर कधीच गेले होते, पाणबुडी चिरडून, एका क्षणात. त्यातला सुलेमान दाऊद १९ वर्षांचा, वडिलांबरोबर गेलेला. आई, तू तेव्हा रोज त्याचंच विचारायचीस.

२८ जूनला तुकडे धक्क्यावर उतरवले तेव्हा मी लांबून बघत उभा होतो. क्रेनला लटकलेला पांढरा पत्रा, त्यातून लोंबणाऱ्या वायरी, बाकीचं ताडपत्रीत गुंडाळलेलं. बस.

बाबा, टायटॅनिक पडलंय ३८०० मीटरवर. तिथे दाब आपल्या हवेच्या जवळजवळ ३८० पट, आणि तुमच्या बॉयलरसारखा आतून बाहेर नाही, बाहेरून आत. म्हणून एवढ्या खोल जाणाऱ्यांत माणसं बसायची जागा बहुतेक गोल असते, दाब सगळीकडून सारखा येतो, आपल्या चेन्नईवाल्यांच्या मत्स्य ६००० पाणबुडीतही टायटॅनियमचा गोळाच आहे. टायटनवाल्यांना पाच माणसं बसवायची होती, मग कार्बन फायबरचं नळकांडं केलं आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट बसवले. कार्बन फायबर ताणाला भारी, पण असं दाबलं की थर सुटायला लागतात आणि वरून काही कळत नाही. जुलै २०२२ मध्ये टायटन वर येताना मोठा धडाका ऐकू आला होता, त्यानंतर सेन्सरचे आकडेही बदलले होते, तरी ती हिवाळाभर इथेच सेंट जॉन्सला उघड्यावर ठेवली (इथला हिवाळा म्हणजे बादलीतलं पाणी दगड होतं) आणि उन्हाळ्यात परत समुद्रात.

कुठल्याच संस्थेचं सर्टिफिकेट नाही. २०१८ मध्ये त्यांच्याच कंपनीतल्या डेव्हिड लॉक्रिजने हे धोक्याचं आहे असं लिहून दिलं, त्याला काढून टाकलं. बाहेरच्या जाणकारांनीही पत्र लिहिलं होतं. मालक स्टॉकटन रश स्वतःच चालवायला बसायचा, तोही त्यातच गेला, म्हणजे फसवायचंच होतं असंही नाही, त्याला ते खरंच वाटत होतं आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. प्रवाशांना प्रवासी म्हणायचंच नाही, 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचं, अडीच लाख डॉलर घ्यायचे, मराल असं लिहिलेल्या कागदावर सही घ्यायची, झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डचा रिपोर्ट आला, हे टळलं असतं असं त्यात स्पष्ट आहे.

आता सांगा, त्या पोराला थर सुटणं काय कळणार होतं? सही त्याची, पण तपासायचं कुणी?

मी चौथीत होतो. कारखान्यावर अग्निप्रदीपनाचा मांडव पडलेला, चेअरमन आलेले, पेढे आलेले, आणि हायड्रो टेस्टला पाणी दाबून भरल्यावर एका ट्यूबच्या तोंडाशी ते पाझरताना दिसलं म्हणून तुम्ही सही केली नाही. पूजा झाली, नारळ फुटला, बॉयलर थंडच. तुम्ही घरी येऊन न जेवता झोपलात आणि आईने आम्हाला गप्प बसायला सांगितलं. मला तेव्हा वाटलं तुमचंच काहीतरी चुकलंय.

चेअरमन नक्की काय बोलले होते हो त्या दिवशी? तुम्ही कधी सांगितलंच नाही. रविवारी सांगा, आणि आई, तेव्हा दोडका काढू नकोस.

तुमचा,
बाळू