मासा विकला नाहीत, त्याबद्दल आभार

श्री. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही करत नाही हे ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र मुलीकडून वाचून घ्या. चष्मा शोधत बसू नका.

2019 च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आलो, तेव्हा मला एक टायगर ऑस्कर मासा हवा होता. तुमच्याकडे खालच्या रांगेतल्या टँकमध्ये चार होते, बोटभर लांबीचे. मी पाकीट काढलं. तुम्ही जाळी हातात घेतलीच नाहीत. विचारलंत, "आधीचा कुठे गेला?"

"गायब झाला."

"मासा गायब होत नसतो. आणखी कोण आहे टँकमध्ये?"

मी अभिमानाने यादी वाचली. एक रेडटेल कॅटफिश, एक पॉलिप्टेरस (तळाशी राहणारा मासा), आणि परवापरवापर्यंत एक सिल्व्हर अरोवाना. सगळे एका चकचकीत दुकानातून एकाच दिवशी आणलेले. तिथे सांगितलं होतं की सगळे मांसाहारी आहेत, म्हणजे एकमेकांत छान राहतात, आणि टँक जेवढा असेल तेवढाच मासा वाढतो. ही दोन्ही वाक्यं मी तुम्हाला जशीच्या तशी ऐकवली. तुम्ही काही बोलला नाहीत. "रेडटेलचं पोट बघितलंत का?" एवढंच विचारलंत.

बघितलं होतं, काका. दोन दिवस तो चेंडू गिळल्यासारखा कोपऱ्यात बसून होता. आई म्हणाली, पोटुशी दिसतेय. घरात कौतुक चाललं होतं.

मग तुम्ही गल्ल्यातून मोजपट्टीची टेप काढलीत आणि काउंटरवर ओढत नेलीत. फिशफूडचे डबे सरकवले, गिऱ्हाइकाची पिशवी बाजूला केली आणि साडेतीन फुटांवर बोट ठेवलंत. "हा तुमचा रेडटेल. अ‍ॅमेझॉनच्या नदीतला आहे, मीटरच्या वर जातो. टँकची रुंदी किती?" मी म्हटलं, लांबी चार फूट आहे. "लांबी नाही विचारली. रुंदी." दीड फूट. "मग वळणार कुठे?"

त्याआधी मासा वळतो हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

तुमच्या टपरीएवढ्या दुकानात त्या दिवशी मी दीड तास उभा होतो, आणि अर्धा वेळ बोलणी खाल्ली. अरोवानाची गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. आम्हाला तो पहाटे चपलांच्या रॅकजवळ सापडला होता. त्याच्या मुलखात त्याला पाण्यातलं माकड म्हणतात, पाण्यावर आलेल्या फांद्यांवरचे किडे तो उडी मारून पकडतो, हे तुमच्याकडून कळलं. आमच्या टँकवर झाकण म्हणून थर्माकोल होता.

स्वभाव नंतर बघा, आधी तोंड बघा, असं तुम्ही म्हणालात. शिकारी मासा वाईट नसतो, त्याच्या तोंडात जे मावतं ते त्याचं जेवण असतं. मी विचारलं, मग न मावणारा कुठलाही चालेल? तुम्ही सकर माशाचं उदाहरण दिलंत. काच साफ करायला म्हणून लोक तो ऑस्करबरोबर सोडतात. लहान असला तर ऑस्कर गिळायला जातो आणि सकरच्या परांचे काटे त्याच्या घशात अडकतात, दोघेही जातात. मोठा झाला तर तोच सकर रात्री ऑस्करच्या अंगाला चिकटून त्याच्या कातडीवरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. फ्लॉवरहॉर्नबद्दल विचारल्यावर तर तुम्ही हसलात. माणसानेच संकर करून बनवलेला मासा, 1990 च्या दशकात मलेशियातून आलेला, आणि त्याला स्वतःच्या सावलीचाही शेजार चालत नाही.

रेडटेल टँकमधून काढायचा हे ठरलं. मी सुचवलं, गणपती विसर्जनाच्या तलावात सोडतो. तुम्ही चिडलात ते तेव्हाच. आपल्या तलावातल्या लहान माशांचं काय व्हायचं ते विचारलंत, नद्यांत सकर कसा माजलाय ते सांगितलंत. मी खरंच रात्री बादली घेऊन जाणार होतो, आज कबूल करतो. रेडटेल तुम्ही स्वतः बॅरलमध्ये घालून रिक्षाने नेलात, ओळखीतल्या एकाच्या शेडमधल्या सिमेंटच्या दहा फुटी टाकीत. "त्याला तीही पुरणार नाही," असंही म्हणालात. दुकानदाराच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती.

मग पाण्याचं प्रकरण. माझं पाणी दुधट होतं आणि पॉलिप्टेरस मलूल झाला होता. फिल्टरचा स्पंज मी दर रविवारी नळाखाली, पांढरा होईपर्यंत धूत असे. तुम्हाला वाटलं मी थट्टा करतोय. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो कल्ले जाळतो, आणि त्याला आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. नळाच्या क्लोरीनने मी दर रविवारी त्यांचा निकाल लावत होतो. तुम्ही तुमच्या चालू फिल्टरमधला काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज टँकच्याच पाण्यासकट पिशवीत बांधून दिलात. लोकलमध्ये शेजारचा माणूस सरकून बसला. तो स्पंज मी आमच्या फिल्टरमध्ये लावला आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोनेक आठवडे खाणं निम्म्यावर ठेवलं.

ऑस्कर तुम्ही मला सहा आठवड्यांनी दिलात. एकच. दोन मागितले तर म्हणालात, बाहेरून नर-मादी कळत नाही. दोन नर निघाले तर मारामारी, जोडी जमली तर दोघं मिळून बाकीच्यांना कोपऱ्यात घालणार. चार फुटांत ते नको. घरी आणल्यावर तो दिवसभर आडवा पडून राहिला. मी घाबरून फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "रुसलाय. दिवा बंद करा आणि त्याच्याकडे बघू नका." दुसऱ्या दिवशी तो उठून पेलेट, म्हणजे खाण्याच्या गोळ्या, खायला आला.

जिवंत गोल्डफिश खायला घालणं मी सोडलं, तेही तुमच्यामुळे. खरं तर ते सोडणं जड गेलं, कारण पाहुण्यांना दाखवायला तोच खेळ होता. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, रोज तेच खाऊन शिकाऱ्याच्या अंगातलं ब-1 जीवनसत्त्व संपतं, वर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फुकट. चिकनची कलेजीही बंद. आता पेलेट, अधूनमधून सोललेली कोळंबी.

पॉलिप्टेरस आणि ऑस्कर सहा वर्षं एकत्र आहेत. ऑस्कर दिवसाचा आणि मधल्या पाण्याचा, तर पॉली रात्रीचा आणि तळाचा. पॉलीला धड दिसत नाही, तो वासावर चालतो, म्हणून त्याची कोळंबी दिवा मालवल्यावर पाइपातून थेट तळाशी सोडतो. नाहीतर ऑस्कर त्याच्या तोंडासमोरून पळवतो. रात्री हॉलमध्ये शांतता असली की पॉली हवा घ्यायला वर येतो, टप्प असा आवाज होतो आणि आई झोपेत म्हणते, "उठला गं बाई." केबल जाते ती झाकणाची फटसुद्धा स्पंजने बुजवली आहे. आपल्याला वाटतं त्यापेक्षा बारीक फटीतून तो निघतो, हे तुम्ही सांगितलं होतं.

मध्ये सिल्व्हर डॉलर नावाचे मासे मागायला आलो, तेव्हाही तुम्ही परत पाठवलंत. कळपाने राहतात, दोन घेऊन उपयोग नाही, आणि पाच घेतले तर जागा नाही. गेल्या दिवाळीत पाच बाय दोन बाय दोनचा टँक केला, साडेपाचशे लिटरचा. तेव्हा कुठे तुम्ही पाच सिल्व्हर डॉलर मोजून दिलेत, ऑस्करच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. सहा वर्षांत तुमचा धंदा माझ्याकडून झाला असेल तो एवढाच. आणि त्या स्पंजचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत.

तुमचा,
चार फुटी टँकवाला (आता पाच फुटी)

ता. क. – पॉली गेले तीन दिवस खात नाही. पाणी तपासलं, अमोनिया शून्य आहे. पोट किंचित फुगलंय. सिल्व्हर डॉलर पाचच्या पाच आहेत, दोनदा मोजले. रविवारी दुकान उघडं असेल तर येतो.