श्रीवर्धनला जाल तेव्हा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात तुम्ही दोघं गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निघणार, हे आईकडून कळलं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे अलिबाग, मुरुड, आगरदांड्याला गाडीसकट जंगल जेटीत चढून दिघी, मग दिवेआगर आणि श्रीवर्धन. रस्ता फार छान निवडलात. फक्त श्रीवर्धनला हॉटेल बुक केलंय म्हणे, तेवढं रद्द करा. दादा-वहिनी, म्हणजे तुझे काका-काकू, घरात असताना तुम्ही हॉटेलात उतरलात तर त्या दोघांना वाईट वाटेल, आणि मलाही. निदान दोन रात्री घरी राहा. तासभर टेकून पुढे निघालात तर चहा-पोहे होतील, नारळी-पोफळीची वाडी बघून होणार नाही.

घर पणजोबांनी बांधलं तेव्हा श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होतं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, आणि पडवीच्या पायऱ्या उतरलं की वाडीच सुरू. तुझ्या डोळ्यांसमोर अजून मे महिन्याच्या सुट्टीतली वाडी असणार. भर दुपारीही तिथे ऊन जमिनीला टेकत नसे, आणि तुम्ही पोरं पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर, बसून एकमेकांना खळ्यापर्यंत ओढत न्यायचात. ती वाडी आता नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. पोफळी कंबरेत मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, घरावरची कौलं उडाली. वीज कित्येक दिवस नव्हती. त्यात पावसाळा तोंडावर. ताडपत्रीखाली, माजघराच्या एका कोपऱ्यात दोघांनी तो पावसाळा काढला. मी पुण्याला चला म्हणून किती विनवलं, पण दादा म्हणाला, "वाडी अशी टाकून कसा येऊ?"

पुढे त्याने जे केलं ते तू नीट बघावंस असं मला वाटतं. पोफळीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही, आणि सावली धरणारी मोठी झाडंच गेलेली. म्हणून दादाने आधी केळी लावल्या आणि त्या वाढल्यावर त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपं. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. हे सगळं त्याने सत्तरीच्या उंबरठ्यावर हातात घेतलं. सरकारी मदत सुरुवातीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाली. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, आणि आपली वाडी १८ गुंठ्यांची. हिशेब तूच कर.

दिवाळीनंतर मी जाऊन आलो. वादळातून वाचलेल्या पोफळींची सुपारी खळ्यात वाळत घातली होती. महिना-दीड महिना उन्हं खावी लागतात तिला. वहिनी लुगड्याचा ओचा खोचून सुपारीतून पाय ओढत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत होत्या, म्हणजे खालची बाजू वर येते. गुडघे दुखतात, तरी ते काम कोणाला देत नाहीत. दादाने मला हाताला धरून मागे नेलं आणि नव्या झाडांपैकी एकाचा पहिला घड दाखवला. एवढा खूश मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

आता मुद्द्याचं. सातबाऱ्यावर दादाबरोबर माझंही नाव आहे. एक एजंट रिसॉर्टसाठी जागा मागत फिरतो, मलाही फोन येऊन गेला. भाव मोठा सांगतो. माझा विचार पक्का झालाय : माझा वाटा मी दादाच्या नावे सोडणार. ज्याने एकेक आळं भरून वाडी परत उभी केली, त्याच्या डोक्यावर विक्रीची टांगती तलवार नको. पण वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही जन्मापासून हक्क असतो, महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून. तेव्हा हक्कसोड पत्रावर तुझीही सही लागेल. ती मी तुझ्याकडून भिडेखातर घेणार नाही. तू जा, राहा, काकांबरोबर वाडीत फीर, काकूंशी बोल, आणि मग काय ते ठरव. तुला वाटा ठेवायचा असेल तर तसं मला स्पष्ट सांग. मी रागावणार नाही. हा विषय मात्र तिथे त्या दोघांपुढे काढू नकोस.

जावईबापूंना पेशव्यांचं स्मारक दाखव, बाळाजी विश्वनाथांचं गाव म्हटल्यावर त्यांना आवडेल. वालाच्या शेंगा आलेल्या असल्या तर दादा मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावेल, त्या रात्री बाहेर जेवायला जाऊ नका. मिठाई नेऊ नकोस, दादाला साखर आहे. वहिनींसाठी गुडघ्याला बांधायचे पट्टे ने, मापाचे. पुढे हरिहरेश्वर करून केळशी-आंजर्ल्याला उतरायचं असेल तर बागमांडल्याहून वेसवीला जंगल जेटी आहे. तिच्या वेळा दादाला विचारूनच निघा. आणि निघण्याआधी काकूंना एक फोन कर, त्यांना दोन दिवस आधी कळलं की बरं असतं.

तुझे
बाबा