गाडी माझी, नाव माझे, किलोमीटर तुमचे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या गाड्यांची ऑनलाइन खरेदी-विक्री विभाग

विषय : विकलेल्या वॅगन-आरच्या जाहिरातीत किलोमीटरचा आकडा बदलल्याबाबत, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अद्याप माझ्या नावावर असल्याबाबत व अडकवलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

माझी २०१२ सालची पेट्रोल वॅगन-आर मी जून महिन्यात तुमच्या कंपनीला विकली. गाडीचा आणि व्यवहाराचा क्रमांक सोबतच्या कागदांवर आहे. तुमच्या माणसाने नाशिकला आमच्या घरी येऊन तपासणी केली. त्याच्या अहवालात मीटरचे रीडिंग १,१२,४३६ किलोमीटर असे स्वच्छ नोंदले आहे, खाली मीटरचा फोटोही आहे. आता तीच गाडी तुमच्याच साइटवर विक्रीला लागली आहे आणि तिथे ती ४८,००० किलोमीटर चालली आहे.

तीच गाडी कशावरून, असे तुम्ही विचाराल. नंबरप्लेट तुम्ही झाकली आहे, पण फोटो माझे आहेत. तुमच्या साइटवर मी आधी स्वतः जाहिरात टाकली होती, त्यातलेच तीन फोटो तुम्ही उचलले. मागे आमचे फाटक आणि शेजाऱ्यांची बोगनवेल दिसते. पुण्याचे माझे दीर मुलीसाठी जुनी गाडी शोधत होते. त्यांनीच ती जाहिरात मला पाठवली आणि खाली लिहिले, ‘वहिनी, हे तर तुमचे फाटक.’ म्हणजे ही चोरी घरातल्या गिऱ्हाइकालाच सापडली.

माझ्या मूळ जाहिरातीत मी लिहिले होते की डाव्या मागच्या दाराला पोचा आहे, भर उन्हात एसी कमी पडतो आणि क्लचप्लेट नव्वद हजार किलोमीटरला बदलली आहे. तुमच्या जाहिरातीत यातले एक अक्षर नाही. त्याऐवजी ‘लेडी ड्रिव्हन, फक्त शहरात वापर’ असे आहे. बाई चालवत होती हे खरे. ती रोज नाशिकहून सिन्नरला, एमआयडीसीतल्या नोकरीवर जात होती. बाई म्हटली की गाडी भाजीबाजाराच्या पुढे गेलीच नसणार, हा तर्क तुमच्या जाहिरात लिहिणाऱ्याने स्वतःपाशी ठेवावा.

मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. साइटवर माहिती भरली तेव्हा २,०५,००० ते २,२५,००० रुपये असा किमतीचा अंदाज दाखवला होता. घरी तपासणी झाल्यावर तो १,३८,००० वर आला. कारण काय, तर तुमच्या प्रतिनिधीचे शब्द होते, ‘मॅडम, गाडी लाखाच्या वर गेलीय, आता हिला गिऱ्हाईक नाही.’ लाखाच्या वर गेली म्हणून पैसे कापले ते मी मान्य केले, व्यवहार झाला, त्या भावाबद्दल आज माझे काही म्हणणे नाही. पण कापताना जे किलोमीटर मोजले ते विकताना कुठे गेले? आता तुम्ही तिचे २,६५,००० मागत आहात.

या गाडीचे मीटर डिजिटल आहे. आकडा मेमरीत असतो आणि तो बदलणारी यंत्रे बाजारात सर्रास मिळतात, हे मेकॅनिककडे जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण मीटर बदलल्याने गाडी तरुण होत नाही. ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगवरची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड ही खरे बोलतात. तुमच्या फोटोत पेडलचे रबर कोरे करकरीत आहे, ते मी दिले तेव्हा गुळगुळीत झाले होते. घेणारा माणूस ४८,००० वर विश्वास ठेवून शॉकअब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, टायर यांच्याकडे आणखी दोन-तीन वर्षे बघणार नाही आणि कसारा घाटात उतरताना ते त्याला कळेल. सर्व्हिस बुकही गाडीबरोबर तुम्ही नेले होते. आता जाहिरातीत ‘सर्व्हिस रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असे आहे. ते अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात उपलब्ध आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या रीडिंगसह मी त्याची छापील प्रत घेतली असून ती सोबत जोडली आहे.

आता आरसीविषयी. गाडी नेताना मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या सह्या घेतल्या, खरेदीदाराचा रकाना मात्र कोरा ठेवला. परिवहनच्या पोर्टलवर आजही मालक म्हणून माझेच नाव आहे. नवा मालक मिळेपर्यंत थांबायचे आणि दोनऐवजी एकाच हस्तांतराचा खर्च करायचा, ही या धंद्यातली रीत मला समजते. तिचा धोका माझ्या डोक्यावर का? मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यात गाडी एकामागून एक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली.

१ एप्रिल २०२३ पासून यावर नियमही आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये दिली की ती विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. तुमच्याकडे हे अधिकारपत्र असेल तर २९-सी का भरला नाही? नसेल तर तसे लिहून द्या, पुढचे मी आरटीओत बघते.

हा प्रश्न कागदापुरता उरलेला नाही. जुलैमध्ये माझ्या मोबाइलवर सीटबेल्ट न लावल्याचे ई-चलान आले, ठिकाण भिवंडी. गाडी तेव्हा तुमच्या ताब्यात होती, ताबापावतीवर तारीख आणि वेळ आहे. अधिकृत डीलरने अशा गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची असते. ती वही काढा, कोण कुठे घेऊन गेला होता ते तुम्हालाच दिसेल. गंमत म्हणजे व्यवहाराच्या वेळी ‘प्रलंबित चलानांसाठी’ म्हणून तुम्ही माझे १०,००० रुपये राखून ठेवले होते. ते मागितले तर कस्टमर केअर म्हणते, गाडीवर चलान बाकी आहे, ते भरल्याशिवाय रक्कम सुटणार नाही. म्हणजे बेल्ट तुमच्या ड्रायव्हरने लावायचा नाही आणि दंड मी भरायचा. दर वेळी नवा माणूस फोन उचलतो, त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते आणि शेवटी तो ‘तुमचे तिकीट वरच्या टीमकडे पाठवले आहे’ म्हणतो.

ती जाहिरात आजच्या आज उतरवावी. पुन्हा लावायची असल्यास तुमच्याच तपासणी अहवालातला आकडा त्यात द्यावा, माझे फोटो वापरू नयेत. दरम्यान कोणी बयाणा दिला असेल तर त्याला खरे रीडिंग लेखी कळवावे आणि त्याची प्रत मला द्यावी, कारण उद्या तो आरसीवरचे नाव बघून मलाच फसवणारी समजेल. गाडी माझ्या नावावरून उतरवून पोर्टलवरची नोंद पाठवावी. भिवंडीचे चलान तुम्ही भरावे आणि १०,००० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत.

मी फक्त गाडी विकणारी, ग्राहक नव्हे, असे उत्तर कृपया देऊ नका. ‘आरसी हस्तांतर व सेवा शुल्क’ म्हणून ४,९९९ रुपये तुम्ही माझ्याकडून कापले आहेत आणि ती सेवा दिलेली नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ते न झाल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन, तसेच दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची स्वतंत्र तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवीन. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून ठेवले आहेत, त्यामुळे ती गुपचूप उतरवून विषय संपणार नाही.

उत्तर ईमेलवर, लेखी द्यावे. फोन नको.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत : तपासणी अहवाल, ताबापावती, दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट, सर्व्हिस रेकॉर्ड, ई-चलान, शुल्क कपातीचा तपशील