सुध्या, त्या दिवशी तू पळालास ते बरोबर होतं

मिरज,
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. सणासुदीला मोबाईलवर हात जोडले की झालं, असं मीच चालवून घेतलं. चूक माझी आहे. तब्येत ठीक आहे, शुगर गोळीवर आटोक्यात आहे, हिची पाठ अधूनमधून धरते. बस.

लिहायला बसलो ते राजामुळे. हो, आपलाच राजा, तुझ्या अण्णांचा डॉबरमन.

ओंकारनं दिवाळीनंतर डॉबरमनचं पिल्लू आणलं. नऊ आठवड्यांचं, काळं, भुवयांवर तांबूस ठिपके, पोट टम्म. शेपटीच्या जागी दोन बोटांचा खुंट. विकणारा म्हणाला, "चौथ्या दिवशीच उडवली, एवढ्याशा जिवाला काय कळतंय!" मग कानांकडे बोट दाखवून म्हणाला, "हे तेवढे महिन्याच्या आत कापून घ्या. आमचा माणूस घरी येतो. नाहीतर डॉबरमन दिसायचा नाही." ओंकारनं गुरुवार ठरवून टाकला. मला विचारलं तेव्हा मी काय म्हणालो असेन? "बघा तुमचं तुम्ही."

बुधवारी रात्री ते पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं. मी सहज त्याचा कान दोन बोटांत धरला. विड्याच्या कोवळ्या पानासारखा, गरम, आतून गुलाबी. दिव्यासमोर आला की बारीक शिरा दिसतात. आणि माझ्या हाताला एकदम राजाचं तोंड आठवलं.

राजाचे कान कापले तो दिवस तुला आठवत असणार. तुमच्या वाड्याचं मागचं अंगण, पाण्याची घंगाळ, तो कंपाउंडर आणि त्याची स्पिरिटच्या बाटलीत बुडवलेली कात्री. भूल दिली म्हणे, पण ती कसली भूल! अण्णांनी तुला सांगितलं, तोंड धर. तू दोन मिनिटं उभा राहिलास आणि पळालास तो थेट कृष्णाघाटापर्यंत. मग मी धरलं. तेरा वर्षांचा होतो, अण्णांसमोर मोठेपणा मिळत होता. दोन्ही हातांनी आवळून धरलं मी. आवाज बाहेर येत नव्हता, माझ्या तळव्यात येत होता. काकू माजघरातून ओरडत होत्या, "अहो, सोडा त्याला."

आणि त्यानंतर शाळा संपेपर्यंत मी तुला भागूबाई म्हणत राहिलो. दहावीच्या निरोप समारंभातसुद्धा. तू त्यावरून दोन महिने अबोला धरलास, तेव्हा मी म्हणालो होतो की तुला गंमत कळत नाही. सुध्या, ती गंमत नव्हती. तू पळालास म्हणजे तुला दिसलं होतं, आणि मी धरलं म्हणजे मी बघायचंच टाळलं होतं. हे मला बुधवारी रात्री कळलं. एवढी वर्षं लागली, माफ कर.

राजाचा डावा कान शेवटपर्यंत उभा राहिलाच नाही. पुठ्ठा झाला, चिकटपट्टी झाली, अण्णांनी दीड महिना रोज पट्टी बदलली. अण्णांना वाईट वाटायचं की कान पडला. मला आता आठवतं ते वेगळंच. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की राजा मान खाली घालून मागं सरायचा. म्हातारा झाला तरी. आपण म्हणायचो, लाजतो.

गुरुवारी सकाळी त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं आणि पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण आहे मुलगी, पण बोलायला ठाम. म्हणाली, शेपूट म्हणजे पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग. त्यात हाडं, शिरा, स्नायू सगळं आहे. तीन ते पाच दिवसांच्या पिल्लाची ती बहुतेक वेळा भूल न देताच कापतात. पिल्लाला कळत नाही हे खोटं, आपल्याला ऐकायचं नसतं एवढंच. ओंकारनं विचारलं, कान उभे केले की आत घाण साचत नाही म्हणतात. ती म्हणाली, लॅब्रॅडॉरचे कान लोंबतातच, त्यांचे कोण कापतं? ओंकार गप्प.

कायद्याचं तिनंच समजावलं. 2011 मध्ये व्हेटरनरी कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या देशपातळीवरच्या परिषदेनं, कान आणि शेपूट कापण्याविरुद्ध पत्रक काढलं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि 2013 मध्ये ते पत्रक रद्द झालं. मूळचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा, त्यात जनावराचा अवयव तोडणं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! सुध्या, पन्नास रुपयांत आता मिसळसुद्धा येत नाही. मला इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही.

दाजी परवा आले होते. त्यांचं म्हणणं, "बैलाला वेसण घालता, शिंगं जाळता, तेव्हा कुठं जाते दया? कायद्यानंच सूट दिलीय." सूट आहे खरी, मी वाचून बघितलं. मी त्यांना म्हणालो, वेसणीचंसुद्धा मला आता नीट बघवत नाही, पण तिथं निदान शेतकऱ्याचं काम अडतं. इथं काय अडतं? आपला शेजारी म्हणाला पाहिजे की वा, काय रुबाब! दाजी म्हणाले, म्हातारपणी हळवा झालास. असेनही.

तुमच्याकडे इंग्लंडात शिकारी कुत्र्यांचा वाद आहे, काट्याकुट्यात शेपटी फाटते म्हणून ती आधीच कापावी असा. ते मला थोडं समजतं. स्कॉटलंडनं 2007 मध्ये शेपूट कापणं पूर्ण बंद केलं आणि 2017 मध्ये काही शिकारी कुत्र्यांना सूट दिली, हे ओंकारनं शोधून काढलं. पण ब्रिटनमधल्याच एका पाहणीत असं निघालं की एका कुत्र्याची शेपटीची इजा वाचवायला सुमारे 500 कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील. आणि आमचा गडी पळणार फाटकापासून तुळशीपर्यंत!

अजून एक ऐक, अण्णा असते तर खूश झाले असते. ही जात ज्यानं तयार केली तो लुई डोबरमन, जर्मनीतल्या अपोल्डा गावचा, करवसुलीचं काम करायचा. सोबतीला दरारा बसेल असं कुत्रं हवं होतं त्याला. घरपट्टीच्या वसुलीला आयुष्य घालवलेल्या अण्णांना राजाच का आवडला, ते आता कळलं!

तू लेस्टरच्या बागेतला फोटो पाठवला होतास बघ, लांब शेपटी आणि पडलेल्या कानांचं कुत्रं. मी विचारलं होतं, ही कुठली जात? तू लिहिलंस, डॉबरमन. मला पटलं नव्हतं. आता घरात तसंच, फक्त शेपटीवाचून, वाढतंय. आनंद झाला की पाठीमागचा सगळा भाग हलतो आणि खुंट वेड्यासारखा थरथरतो. हिला हसू येतं. मला बघवत नाही.

इराला नोकरी लागली हे ऐकून फार बरं वाटलं. वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन ठरलं का? घर विकायचं म्हणत होतास, त्याचं काय झालं, सविस्तर कळव.

आणि एक काम कर. अण्णांचा अंगणातल्या खुर्चीवरचा फोटो तुझ्याकडे आहे, पायाशी राजा बसलाय, डावा कान पडलेला. त्याची प्रत पाठव. ओंकारला दाखवायचाय.

तुझा,
बाळ्या